बिझनेस स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या नाश्ता-व्याख्यानांना जाण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की एमबीए होऊन दहा वर्षं झाली, नोकरी इंदूरच्या विजयनगरात एका सॉफ्टवेअर कंपनीत, हाताखाली अकरा माणसं. आता कॉलेजचं निमंत्रण आलंय: शनिवारी सकाळी साडेसातला नाश्ता आणि नव्या कामगार संहितांवर भाषण. झोप मोडून जावं, की हा नुसता पोहे-जिलेबीचा कार्यक्रम आहे?

जा. पण भाषणासाठी जाऊ नका.

मी सात-आठ वर्षं अशा सकाळींना जातोय. पीथमपूरला माझा प्लास्टिक मोल्डिंगचा लहानसा कारखाना आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर करणार आहे. संध्याकाळी कार्यक्रम ठेवला की राजवाड्याकडचे व्यापारी दुकान सोडत नाहीत, आम्ही पीथमपूरवाले दुसऱ्या शिफ्टच्या भानगडीत, आणि जे येतात त्यांचं लक्ष जेवणाच्या काउंटरकडे. सकाळी सबब सांगायला जागा नसते. शिवाय नऊला सगळ्यांनाच निघायचं असतं, त्यामुळे वक्त्यालाही आवरतं घ्यावं लागतं. पंचवीस मिनिटं भाषण, मग प्रश्न. (पोहे अर्थात इंदुरी, वाफेवरचे, वर शेव आणि जीरावन मसाला. माझी पुण्याची मेहुणी त्यांना कच्चे म्हणते. तिच्याशी वाद घालणं मी सोडलंय.)

माझ्या कामाची ठरलेली सकाळ फेब्रुवारी २०२४ ची. विषय होता तेव्हाच्या आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच). सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतलात तर लेखी करार नसताना १५ दिवसांत पैसे द्यायचे. करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस. मुदत टळली आणि ३१ मार्चला रक्कम तशीच उभी असली, तर त्या वर्षी ती खर्चात धरता येत नाही. ज्या वर्षी द्याल, त्या वर्षी वजावट. हे २०२३-२४ च्या हिशेबापासूनच लागू होतं, म्हणजे आमच्या हातात जेमतेम महिना-दीड महिना.

मी खुशीत होतो. मी लघु उद्योजक, आता मोठ्या कंपन्या माझी बिलं वेळेवर काढणार! शेजारी माझ्यापेक्षा बरीच धाकटी, औषध कंपनीत खरेदी सांभाळणारी एक बाई बसली होती. जिलेबी मोडता मोडता तिनं विचारलं, "काका, आणि तुम्ही कुणाकुणाचे थकवलेत?"

आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा माणूस तीन-तीन महिने थांबायचा. पंधरा वर्षांची ओळख, करार-बिरार काही नाही. म्हणजे मुदत १५ दिवसांचीच. ती म्हणाली, आधी बघा, तो खोकी बनवतो की आणून विकतो. व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. या मुदतीचा आधार त्याला नाही. आमचा माणूस स्वतः बनवतो. वर तिनं हेही सांगितलं की तिच्या ऑफिसात काही ऑर्डरी मध्यम उद्योगांकडे वळवायचा विचार चाललाय, कारण मध्यम उद्योग या कलमात येतच नाहीत. हे कुठल्याही स्लाइडवर नव्हतं. माझी खुशी तिथंच उतरली. पार्किंगमधून मी अकाउंटंटला फोन लावला, आणि खोकीवाल्याचे पैसे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. त्याला वाटलं आम्ही धंदा बंद करतोय.

ती इतकं मोकळं बोलली, कारण आमच्याकडे सुरुवातीलाच चॅथम हाउसचा नियम सांगतात. लंडनच्या त्या संस्थेनं १९२७ मध्ये घालून दिलेला: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं आणि तो कुठला, हे बाहेर सांगू नका. तुमच्याकडे सांगत नसतील तर आयोजकांच्या कानावर घाला. नाहीतर सगळे आपापल्या कंपनीची जाहिरात करून उठतात.

आता कुरकुर. दोन वर्षांत तीनदा एआय झालं, आणि तिन्ही वेळा पडद्यावर तेच चित्र, रोबोचा हात आणि माणसाचा हात. विषयात 'भविष्य' हा शब्द दिसला की मी झोपून राहतो. आपल्याच बॅचच्या टेबलावरही बसू नका, तिथं फक्त मुलांच्या ॲडमिशनच्या गोष्टी निघतात.

तुमचा विषय मात्र पक्का आहे. चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यांत गेले. तुमच्यापर्यंत पोचणारी गोष्ट म्हणजे 'वेतन' या शब्दाची नवी व्याख्या. समजा एखाद्याला एकूण ६०,००० मिळतात, त्यातले २०,००० मूळ पगार आणि ४०,००० घरभाडं वगैरे भत्ते. भत्ते निम्म्याच्या वर गेले, तर वरचे १०,००० वेतनातच धरायचे. म्हणजे ग्रॅच्युइटीचा हिशेब २०,००० वर नाही, ३०,००० वर. शिवाय ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरतं. तुमच्या अकरात अशी दोन-तीन पोरं असणारच.

तर शुक्रवारी त्यातल्या एकाचं ऑफर लेटर, नाव झाकून, खिशात घाला. आणि टेबल निवडताना एचआरवाल्यांपेक्षा एखाद्या कारखानदाराच्या शेजारची खुर्ची धरा. कंत्राटी माणसांच्या भानगडी त्यानं तुमच्या कितीतरी आधी निस्तरलेल्या असतात, आणि चहा दुसऱ्यांदा आला की तो बोलायला लागतो.