"वहिनी, काही आणू का?"

फोनवरचा प्रश्न हा. आमच्याकडे समुपदेशनाला येतो तो वेगळा, गुढीपाडव्याच्या पंधरा दिवस आधी, होळीचं उरलेलं पुरण अजून फ्रिजमध्ये असताना. "सगळे दरवर्षी आमच्याकडेच जेवायला असतात. माणसं नकोत असं नाही हो, पण सण जवळ आला की पोटात गोळा येतो. यंदा प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणा म्हटलं, तर वाईट दिसेल का?"

विचारणारी बहुतेक वेळा घरातली थोरली सून असते. इथे अशाच एका घराची गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि नावं घेतलेली नाहीत.

मुलुंडला दोन खोल्यांचं घर. सासू-सासरे, नवरा, मुलगा आणि ती, बँकेत नोकरी करणारी. पाडव्याला बोरिवलीहून धाकटा दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं येतात, डोंबिवलीहून नणंदेचं चौघांचं कुटुंब, दादरहून सासूबाईंची बहीण. एकूण चौदा पानं. ओटा साडेपाच फुटी, शेगडी दोन बर्नरची. चार वर्षांपूर्वी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सगळा स्वयंपाक कोणी काही न ठरवता हिच्याकडे आला. असं काम सोडवणं सगळ्यात अवघड, कारण ते कोणी दिलेलंच नसतं. मग परत करायचं कोणाला?

ती आली तेव्हा तिला फक्त वाक्य हवं होतं, "कसं सांगू ते सांगा". वाक्य नंतर. आधी तिला वही दिली आणि पाडव्याच्या आधीच्या सोमवारपासून नंतरच्या दिवसापर्यंतचं प्रत्येक काम लिहायला सांगितलं. एकतीस ओळी झाल्या. त्यातली गॅससमोरची कामं फक्त अकरा. बाकीची अशी: डेअरीत चक्का सांगून ठेवणं, फ्रिजमधला एक कप्पा रिकामा करणं, आंब्याची डहाळी आणि गाठी, समोरच्यांकडून चार खुर्च्या, सासऱ्यांची जेवणाआधीची गोळी, नणंदेच्या मुलीला तिखट चालत नाही हे लक्षात ठेवणं, दुसऱ्या दिवशी शेजारची पातेली घासून परत देणं. पुढच्या वेळी नवराही आला. त्यानं यादी वाचली आणि म्हणाला, "मी मदत करतोच की." करतो, खोटं नाही. तेल आणतो, पुऱ्या लाटतो. पण 'मदत' म्हटलं की काम मूळचं तिचं ठरतं, आणि काय मदत करायची ते शोधून सांगण्याचं बत्तिसावं कामही तिच्याच डोक्यावर बसतं.

दुसरी गाठ फोनवरची होती. नणंद दरवर्षी विचारते, "वहिनी, काही आणू का?" आणि ही दरवर्षी म्हणते, "काही नको गं, तुम्ही या फक्त." हे वाक्य तिला मोठ्यानं म्हणायला लावलं तेव्हा तिचं तिलाच हसू आलं. नणंद शब्दाला धरून रिकाम्या हातानं येते, धाकटी जाऊ लाज वाटते म्हणून पेढ्यांचा बॉक्स आणते, आणि तो बॉक्स फ्रिजमध्ये कोंबताना हिचं डोकं तडकतं. "नको" ऐकून नको समजणाऱ्यावर रागवायचं कसं?

मग एक साधा प्रश्न विचारला. ही सगळी मंडळी वर्षात कधी वाटून घेऊन जेवतात का? हो, ३१ डिसेंबरला, बोरिवलीला. एकाकडे चिकन, एकाकडे पाव आणि सॅलड, नणंदेकडे केक. वार सोमवार-गुरुवार आला की चिकनऐवजी पनीर, एवढाच बदल. कोणी रुसत नाही. म्हणजे या घराला वाटून घेणं येतं, इंग्रजी नव्या वर्षाला येतं आणि मराठी नव्या वर्षाला येत नाही. फरक दोनच. ३१ तारखेला नैवेद्य नसतो, आणि "आमच्याकडे असंच करतात" असं म्हणणारं कोणी नसतं.

असं म्हणणाऱ्यांत ती स्वतःही होती, आणि ते निघायला तिसरी भेट लागली. एका पाडव्याला धाकटीनं कोशिंबीर केली होती. हिनं ती चाखली, काही न बोलता वरून हिंग-मिरचीची फोडणी ओतली आणि मग वाढली. धाकटीनं त्यानंतर ओट्याला हात लावला नाही. "सगळं मीच करते" या तक्रारीत थोडा मानही असतो. काम वाटलं की मान वाटला जातो आणि चवही वाटली जाते. ही किंमत आधी मान्य नसेल तर याद्या करण्यात अर्थ नाही. तिला ते आवडलं नाही. पुढची भेट तिनं एक आठवडा लांबवली.

वाटणीचा आमचा आग्रह एवढाच की पदार्थ अख्खा द्यायचा: सामान आणणं, करणं, नेणं, वाढायचं भांडं, घासणं, सगळं त्याच घराचं. "तू भाजी चिरून आण, फोडणी मी देते" यात दोघींचं काम वाढतं. आणि कोणाला काय येतं त्यापेक्षा कोण कुठून कसं येणार ते आधी बघायचं. पहिल्या वर्षी हेच चुकलं.

त्या वर्षी बोरिवलीला पुऱ्या आणि बटाट्याची भाजी दिली होती, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, "गोड कोणीतरी आणा." झालं असं की श्रीखंड दोन आली. पुऱ्या पहाटे तळून गरमच स्टीलच्या डब्यात भरल्या, झाकणाखाली वाफ धरली आणि सत्तरच्या सत्तर पुऱ्या चामट. दीर मुलांना घेऊन आधी शोभायात्रा बघायला गेला आणि सगळे दोन वाजता पोचले. भाजीत ओलं खोबरं होतं, डबा सकाळी सातला गरम असताना बंद केलेला. उघडला तेव्हा आंबूस वास. दाट, गरम पदार्थ बंद डब्यात तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये असं म्हणतात, आणि आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उकाड्यात तर तेवढीही सूट घेऊ नये. सासरे मधुमेहाचे, जेवणाआधीची गोळी घेऊन बसलेले. पान लांबलं तशी त्यांच्या हाताला थरथर सुटली. साखर-पाणी देऊन निभावलं, पण त्या दुपारी "बघ, घरीच केलं असतं तर" हे वाक्य सासूबाईंच्या तोंडून निघालं आणि ते खोडायला कोणाकडे काही नव्हतं.

दुसऱ्या वर्षीची वाटणी अशी. जे गरम खायचं ते जिथे जेवण तिथेच. म्हणून पुऱ्या, वरणभात आणि मसालेभात मुलुंडला. चौदा माणसांना माणशी पाच धरून सत्तर पुऱ्या, त्याला किलोभर कणीक, मूठभर बारीक रवा, पीठ घट्ट आणि पंधरा-वीस मिनिटंच मुरलेलं. सकाळी भिजवून ठेवलं तर सैल पडतं आणि पुरी तेल पिते. लाटणं-तळणं नवऱ्याचं आणि मुलाचं, पानं मांडल्यावर. मसालेभाताला पाऊण किलो तांदूळ पुरतात, कारण पुऱ्या आणि श्रीखंडापुढे भात कमीच जातो.

श्रीखंड डोंबिवलीला. लोकलमधून नेण्यासारखा पदार्थ तोच, घट्ट असतो, सांडत नाही. किलोभर चक्का, आठशे-नऊशे ग्रॅम साखर, जायफळ-वेलची-केशर. आदल्या संध्याकाळी साखर मिसळून तासभर ठेवायचं म्हणजे ती विरघळते, मग चाळणीतून काढायचं आणि रात्रभर फ्रिज. पावणेदोन किलोच्या आसपास होतं, माणशी सव्वाशे ग्रॅम. सकाळी बर्फाच्या पाकिटांसह जाड पिशवीत, दारापासून दारापर्यंत तासाभरात. सुट्टीच्या दिवशी गाड्या रविवारच्या वेळापत्रकानं धावू शकतात, आणि पाडवाच रविवारी आला, २०२५ साली ३० मार्चला आला होता तसा, तर मेगाब्लॉक आहे का हे शनिवारीच बघून ठेवायचं. मधुमेही माणसाची वाटी वेगळी करू नये, सगळ्यांच्याच वाट्या लहान घ्याव्यात. श्रीखंडात जवळजवळ निम्मी साखर असते, दोन चमच्यांत सणही होतो.

बोरिवलीकडे भाजी राहिली, दोन किलो बटाट्यांची, पण कांदा नाही, खोबरं नाही. परातीत पसरून पूर्ण गार करून मगच डब्यात, निघायच्या अर्धा तास आधी. खोबरं, कोथिंबीर वेगळी, मुलुंडला भाजी पुन्हा चांगली गरम केल्यावर घालायची. कोशिंबीरही त्यांचीच, पण काकडी चिरलेली, दही आणि दाण्याचं कूट तीन डब्यांत आणायचं. मीठ आधी पडलं की पाणी सुटतं. मावशींकडे पापड-कुरडया. एक नियम नवऱ्यानं स्वतः काढला: उशीर करणाऱ्याकडे असं द्यायचं ज्याच्यावाचून पान अडत नाही. पानं साडेबाराला. शोभायात्रा बघून या किंवा जेवून जा. खुर्च्या, फ्रिजचा कप्पा, तेल आणि शेवटची भांडी नवऱ्याच्या नावावर लिहिली, "मदत" म्हणून नाही.

पैशांचं थोडक्यात. चक्का महाग पडतो, म्हणून फळं आणि गाठी इतरांकडे दिल्या की ढोबळ बरोबरी होते. जेवून हात धुवायच्या आत यूपीआयनं हिशेब चुकता करणारी घरंही आहेत. त्यात गैर काही नाही, फक्त सासूबाईंसमोर नको.

आता ते वाक्य. निरोप नवऱ्यानं धाडला, हिनं नाही. ज्याची भावंडं त्यानं सांगायचं. सुनेनं सांगितलं की तोच निरोप तक्रार होतो. मजकूर असा होता: "पाडव्याला नेहमीप्रमाणे आपल्याकडेच, साडेबाराला पानं. यंदा स्वयंपाक तिन्ही घरं मिळून करू. ताई, श्रीखंड पूर्ण तुझं, चौदा माणसांचं. धाकट्या, भाजी आणि कोशिंबीर तुमची. मावशी पापड-कुरडया आणतेय. बाकी इथे. बदल हवा असेल तर रविवारपर्यंत सांगा." 'कोणीतरी', 'जमलं तर' हे शब्द मुद्दाम टाळले. 'कोणीतरी'नंच पहिल्या वर्षी दोन श्रीखंडं आणली होती.

सासूबाईंना मात्र ग्रुपवर कळवून भागत नाही. त्यांच्याशी आठ दिवस आधी, मुलानं, एकट्यानं बोलायचं. त्यांची हरकत कामाची नव्हती. "नैवेद्याला बाहेरचे डबे?" ही खरी अडचण, आणि ती वाजवी आहे. तोड निघाली ती अशी की नैवेद्याचं पान घरातच होणार आणि ते त्यांचं. वाटीभर पुरण, पाच लहान पोळ्या. त्या बसून लाटणार, भाजणार नातू. कडुलिंबाची चटणीही त्यांचीच: मूठभर कोवळी पानं, फुलं मिळाली तर फुलं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दोन चमचे गूळ, ओवा, जिरं, चार मिरी, हिंग, चिंच, मीठ. चौदा जणांना बोटभर पुरते. चार वर्षं सणाच्या दिवशी त्यांना हातात काहीच नव्हतं, फक्त पलंगावरून सूचना करणं होतं. सूचना कमी झाल्या. पूर्ण थांबल्या नाहीत.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. हे सगळं जिथे "नाही" म्हटल्यावर रुसवा होतो त्या घरांसाठी आहे. जिथे "नाही" म्हटल्यावर मारहाण होते, पैसे काढून घेतात, माहेरी फोन बंद होतो, तिथे वाटणीच्या याद्या करत बसू नये. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. आणि पोटातला गोळा पाडवा उलटून महिना झाला तरी राहिला, झोप लागत नसेल, तर तो सणाचा नसतो. तेव्हा वही नको, भेट घ्या.

मुलुंडला त्या दुसऱ्या पाडव्याला पुऱ्या फुगल्या. दीर सव्वाबाराला हजर होता. संध्याकाळी डबे रिकामे परत गेले, "रिकामा डबा देऊ नये" म्हणून सासूबाईंनी प्रत्येकात गाठीचं एकेक पदक टाकलं तेवढंच. धाकटीच्या कोशिंबिरीत साखर जास्त होती आणि फोडणी नव्हतीच. थोरलीनं एक चमचा खाल्ला, वाटी पुढे सरकवली आणि पुरीला हात घातला.