तोल जातो म्हणून बसून राहू नको

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली, वय 41. चार महिन्यांपूर्वी कानाच्या नसेवरची गाठ, म्हणजे अकूस्टिक न्यूरोमा, ऑपरेशन करून काढली. उजव्या कानानं आता ऐकू येत नाही. चालताना झोकांड्या जातात, दुपारपर्यंत गळून जाते. चक्करच्या गोळ्या अजून चालू आहेत. सासूबाई म्हणतात, "बरी दिसालीस की, मग लोळालीस कशाला?" मिस्टर म्हणतात, पूर्ण आराम कर. कुणाचं ऐकू? आणि स्कुटी कधी चालवू?

उत्तर : दोघांचंही ऐकू नको.

ही गाठ कॅन्सरची नसते, पण उगवते नेमकी तोल सांभाळणाऱ्या नसेवर. ती काढताना त्या बाजूची नस बहुधा जातेच, आणि परत येत नाही. आता डावा कान, डोळे आणि तळपाय एवढ्यावर मेंदूला भागवायला शिकायचंय. ते तो हालचालीतूनच शिकतो. मान आखडून खाटेवर पडून राहिलीस तर शिकणं लांबतं. म्हणजे थोडी गरगर व्हायलाच हवी. चक्करच्या गोळ्या सुरुवातीच्या दिवसांपुरत्या ठीक. महिनोन्‌महिने घेतल्या तर हे शिकणं मंदावतं. मनानं बंद करू नको, डॉक्टरांना स्पष्ट विचार.

डिस्चार्जच्या वेळचा व्यायामाचा कागद फायलीतच असेल, बहुतेक इंग्रजीत. तो घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा, आणि करून दाखवा म्हणून सांग. त्यातला एक साधारण असा असतो : हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धर, नजर नखावर ठेव आणि मान डावी-उजवीकडे फिरव, नख धूसर होणार नाही इतक्याच वेगानं. आधी बसून, जमलं की उभ्यानं. नंतरची गरगर थोड्या वेळात बसली तर ठीक, तासभर राहिली तर दुसऱ्या दिवशी कमी कर.

चालणं आधी अंगणात, मग डांबरी रस्त्यावर. शेताच्या बांधावर एवढ्यात नको, आणि गेलीस तर कुणाला तरी बरोबर घे. अंधारात डोळ्यांचा आधार जातो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. उशाशी बॅटरी असू दे.

गळून जाणं हे सोंग नाही. इतरांचं शरीर जे आपोआप करतं, ते तुला लक्ष देऊन करावं लागतं, शिवाय एका कानानं माणसांच्या गलक्यातून बोलणं वेचायचं. मिस्टरांना एका पायावर उभं राहून, डोळे मिटून सतराचा पाढा म्हणायला सांग. सासूबाईंना बघू दे. जड कामं सकाळीच उरक, जेवणानंतर अर्धा तास बिनदिक्कत पड. हा थकवा कित्येकांना महिनोन्‌महिने पुरतो, कुणाला वर्षभरही.

मात्र नाकातून किंवा टाक्यांजवळून पाण्यासारखं गळू लागलं, ताप येऊन मान आखडली किंवा डोकं असह्य दुखलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ.

नदीत, विहिरीत एकटीनं उतरू नको. पाण्याखाली वर कुठं नि खाली कुठं हेच कळेनासं होतं. स्कुटीही डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत नको, कारण झटकन मागं वळून बघताना नजर स्थिर राहायला हवी. तोवर बेळगावला बसनं जा, आणि उजव्या बाजूची खिडकी धर, म्हणजे शेजारची बाई तुझ्या ऐकू येणाऱ्या कानाशी बोलेल.