अंड्याला पाणी लावू नका

प्रश्न : आमच्या बचत गटाकडे ६० गिरिराज कोंबड्या आहेत. पावसाळ्यात अंडी माखतात, म्हणून बादलीत धुऊन विकतो. तरी आठ-दहा दिवसांत वास येतो अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे. कडुलिंबाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये धुवावीत का? अतिनील दिव्याची पेटी घ्यावी का?

उत्तर : ताई, वास बहुतेक त्या बादलीमुळेच येतोय. अंडं घातलं जातं तेव्हा कोंबडीच्या अंगाइतकं, म्हणजे ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. गार होताना आतला ऐवज आकसतो आणि कवचावरच्या हजारो छिद्रांतून हवा आत ओढली जाते. त्या छिद्रांवर निसर्गानं सायीसारखा पातळ थर दिलेला असतो. गार पाण्यात बुडवून चोळलं की तो जातो आणि हवेऐवजी बादलीतलं विष्ठेचं पाणी आत शिरतं. अमेरिकेत अंडी धुतात, पण अंड्यापेक्षा गरम पाण्यानं. पुढे ती थंडाव्यातच ठेवतात. आपल्याकडे तेवढी सोय कुठली?

व्हिनेगर कवच खातं. पेल्यात एक अंडं बुडवून बघा, लगेच बुडबुडे येतील. कडुलिंबाचं झालं तरी ते पाणीच. ओवा-लवंगेच्या तेलात जंतू मारायची ताकद आहे, पण अंड्याला ओव्याचा वास लागला तर घेणार कोण?

अतिनील किरण पडतात तिथलेच जंतू मरतात. विष्ठेच्या डागाखालचे वाचतात, अंड्यातले तर वाचतातच. शिवाय उघड्या दिव्यानं डोळे आणि कातडी भाजते. ६० कोंबड्यांसाठी ती पेटी घेऊ नका.

त्यापेक्षा टोमॅटोच्या जुन्या क्रेटमध्ये कोरडं तूस घालून अंडी घालायच्या जागा करा. पाच कोंबड्यांमागे एक, म्हणजे १२ क्रेट. संध्याकाळी ते झाकून ठेवा, नाहीतर कोंबड्या तिथंच झोपतात आणि घाण करतात. बहुतेक अंडी सकाळीच येतात, तेव्हा दुपारपर्यंत तीनदा गोळा करा. पाण्याच्या भांड्याजवळची ओली गादी, म्हणजे जमिनीवर अंथरलेलं तूस, रोज काढून टाका. माखण्याचं मूळ तिथंच असतं. एखादा सुका डाग बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासा. फारच माखलेलं अंडं विकू नका.

साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू कधी कधी कोंबडीच्या अंडाशयातूनच अंड्यात येतो, त्यावर बाहेरून काहीही लावून उपयोग नाही. गिऱ्हाइकाला बलक घट्ट होईपर्यंत शिजवायला सांगा. आणि दोन आठवडे बादली बाजूला ठेवून पाहा, तक्रारी किती येतात ते मला कळवा.