आधी काचा काढ, मग बाकीचं बोलू

जुलै-ऑगस्ट आला की इकडे अमेरिकेच्या मिडवेस्टमधे काउंटी फेअर, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यातल्या जत्रा, सुरू होतात, त्यामुळे या वेळी टपालात डर्बीचेच प्रश्न जास्त. डर्बी म्हणजे डिमॉलिशन डर्बी, चिखलाच्या रिंगणात जुन्या गाड्या एकमेकींवर आदळायच्या आणि शेवटपर्यंत जी हलत राहील ती जिंकली. ऑइल कधी बदलायचं, ब्रेक का किरकिरतात वगैरे प्रश्न ज्यांनी पाठवलेत त्यांना पुढच्या अंकात उत्तर देतो, रागावू नका.

काका, आमच्याकडे बाबांची २००० सालची टोयोटा कॅमरी आहे, चार सिलिंडरची. खालून गंजलीये, विकत कोणी घेत नाही. मला आणि माझ्या मित्राला ती आमच्या काउंटी फेअरच्या डर्बीत उतरवायचीये. मित्राकडे शेड आहे, वेल्डिंग मशीन पण आहे. ही गाडी चालेल का आणि सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, वय १९, ओहायो

चालेल की, न चालायला काय झालं. पण पाना हातात घ्यायच्या आधी फेअरच्या ऑफिसला फोन करून या वर्षीचं नियमपत्रक मागव. गेल्या वर्षीचं नाही, मित्राच्या मामाकडचं नाही आणि शेजारच्या काउंटीचं तर अजिबात नाही. अख्ख्या देशाला लागू असा एक नियम या खेळात नाहीच, प्रत्येक फेअरचा आपापला कारभार. एकीकडे दारं वेल्ड केलेली चालतात, दुसरीकडे नको तिथे वेल्डिंगचा टाका दिसला की गाडी आली तशी ट्रेलरवर परत. तुझ्याच गाडीचं बघ, कॅमरीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १०५ इंचांच्या किंचित वर भरतो आणि कॉम्पॅक्ट क्लासची मर्यादा कुठे १०५ असते कुठे १०८, म्हणजे एका फेअरला तू छोट्या गाड्यांत बसशील आणि दुसरीकडे तुला त्या क्लासात घेणारच नाहीत. हे आधी विचारून घे. आणि गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, बाबांच्या नावावर आहे ना, मग त्यांच्याशी नीट बोलून कागद हातात ठेव, ते ऐनवेळी गेटवर शोधत बसू नकोस.

पहिल्यांदा उतरतोयस तर सगळ्यात साधा क्लास घे, ज्याला इकडे गट अँड गो म्हणतात, म्हणजे आतलं सगळं उपसायचं आणि निघायचं, जास्तीचं बांधकाम जवळपास नाहीच. मित्राकडे वेल्डिंग मशीन आहे म्हणून हात शिवशिवतील, मला माहितीये, पण डर्बीची गाडी तयार करणं म्हणजे पाऊण भाग काढणं असतं, जोडणं थोडं. नवे लोक नेमकं उलटं करतात, पुढचा बंपर लोखंडाने मढवतात आणि बॅटरी बांधतात सुतळीने. मग पहिल्या दणक्यात बॅटरी उडाली की बंपर कितीही मजबूत असून काय उपयोग, गाडी बंद ती बंद.

काचांपासून सुरू कर. खाली सरकवून दारात ठेवायच्या नाहीत, दारातूनही काढायच्या. पुढची काच दोन थरांची असते ती भुगा होत नाही, कडेने कापून अख्खी उचल. बाजूच्या आणि मागच्या काचा फुटल्या की साबुदाण्यासारखे दाणे होतात आणि ते सीटच्या रुळात, कार्पेटखाली, दाराच्या तळाशी जाऊन बसतात, म्हणून फोडू नका, पाना लावून सोडवता येतायत तर तशाच काढा. मग दिवे, आरसे, बाहेरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, चाकांवरच्या टोप्या, बॅलन्सिंगची वजनं, जे जे उडून प्रेक्षकांत जाऊ शकतं ते सगळं. आतून मागची सीट, कार्पेट, छताचं कापड, म्हणजे जे पेट घेऊ शकतं ते.

दोन गोष्टींत घाई करू नका. एअरबॅग. बॅटरीची तार काढा, चांगला अर्धा तास चहा-बिहा प्या, मगच हात लावा आणि लावताना तोंड त्याच्यासमोर आणू नका. त्यात स्फोटक भरलेलं असतं आणि २००० सालचं असलं तरी ते काम करतं. दुसरं एसी, आणि हे काचांच्याही आधी. त्याचा गॅस हवेत सोडणं इथे केंद्राच्या कायद्याने बंद आहे, गॅरेजमधे नेऊन मशीनने काढून घ्या. गाडी चालू आहे तोवरच हे उरका, नंतर काचा नसलेली गाडी कुठे चालवत नेणार.

आता पेट्रोल. मोठ्या जुन्या अमेरिकन गाड्यांची टाकी मागच्या चाकांच्याही मागे, बंपरजवळ असायची आणि डर्बीत सगळा मार तिथेच बसतो, म्हणून ती काढून बोटीची छोटी टाकी किंवा फ्यूएल सेल, म्हणजे रेसिंगच्या गाड्यांची मजबूत टाकी, आत, मागच्या सीटच्या जागी, घट्ट बसवतात. कॅमरीची टाकी मागच्या सीटखाली, चाकांच्या पुढे असते, आणि बऱ्याच फेअरला अशी टाकी आहे तिथेच ठेवलेली चालते. तुमच्याकडे चालत असेल तर ठेवा आणि पेट्रोल अगदी थोडं घाला, पूर्ण भरली तर १८ गॅलनच्या वर मावतं त्यात, एवढं पेट्रोल घेऊन कुणी धडका मारायला जात नाही. बदलायचीच असेल तर लक्षात ठेवा, ही इंजेक्शनची गाडी आहे, जुन्या कार्बोरेटरवाल्यांचा साधा पंप इथे चालणार नाही, त्याला तेवढं प्रेशरच येत नाही. आणि टाकी, पेट्रोलची लाइन गाडीवर असताना वेल्डिंग नाही म्हणजे नाही, मित्र किती का तरबेज असेना.

बॅटरी पुढून काढून ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या जागी, फरशीवर, लोखंडी पट्टीने बोल्ट करून बसवा आणि वरून रबर टाका. तारा लांबवाव्या लागतील, जिथे पत्र्यातून जातात तिथे रबरी बूच लावा, नाहीतर धडकेत इन्सुलेशन कापलं जाऊन तिथेच ठिणगी पडते. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाला एक स्विच द्या, बाहेरच्या माणसाचाही हात पोचेल असा, आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

दारं साखळीने बांधा किंवा नियमात असेल तर वेल्ड करा. जाड पाइप वापरायचा तो ड्रायव्हरसाठी, सीटच्या मागून एक आडवा आणि ड्रायव्हरच्या दाराला एक, पैसे असतील तर डोक्यावरून कमानीसारखा तिसरा. समोर काच नाही, तेव्हा छतापासून खालपर्यंत दोन उभे गज किंवा जाड तारा, म्हणजे बॉनेट मुडपून आत आलं तर तुझ्यापर्यंत येणार नाही. बॉनेटला मधे मोठं भोक पाडा, आग लागली तर फायरवाल्यांना पाणी आत मारता यायला हवं. रेडिएटरमधलं अँटिफ्रीझ काढून नुसतं पाणी भरा, ते विषारी असतं आणि फेअरच्या मैदानावर गुरंढोरं असतात.

आणि रिंगणात एकच सांगणं, डिकीने मार. तुझ्या गाडीचं इंजिन, रेडिएटर, गिअरबॉक्स आणि चाकं फिरवणारे दोन्ही अ‍ॅक्सल, सगळं पुढे आहे. मागे फक्त पत्रा आहे, तो खुशाल चेपू दे. रिव्हर्समधे मान वळवून गाडी चालवायची आत्ताच सवय कर, मित्राच्या शेतात, हळू. समोरच्याच्या गाडीचं पुढचं चाक किंवा रेडिएटर धर. रेडिएटर फुटला की इंजिन तापून जाम होईपर्यंत त्याच्याकडे थोडीच मिनिटं उरतात.

मुलगा डर्बीत जायचं म्हणतोय. आम्ही दोघं आयटीतले, आम्हाला यातलं काही कळत नाही. हे वेडेपणाचं नाही का? परवानगी द्यावी का?
– एक आई, मिशिगन

ताई, वेडेपणाचं आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण लोकांना वाटतं तितकं बेबंद नाही. मैदान मुद्दाम पाणी मारून चिखल करून ठेवतात म्हणजे गाड्यांना वेगच घेता येत नाही, रिंगणही छोटं असतं. ड्रायव्हरच्या दारावर मारायला बंदी, मुद्दाम मारलं तर बाहेर काढतात, काही ठिकाणी ते दार लांबून दिसावं म्हणून पांढरं रंगवायला लावतात. आग दिसली की लाल झेंडा आणि सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबतात. ड्रायव्हरच्या बाजूला एक काठी किंवा झेंडी असते, ती मोडली की त्याने खेळ सोडला, मग त्याला कुणी ठोकायचं नाही. हेल्मेट, पट्टा, डोळ्यांना गॉगल, लांब बाह्यांचे कपडे नसतील तर उतरूच देत नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर नाही म्हणण्याऐवजी गाडी बघायला गेलो असतो. सीट हलवून बघा, पट्टा ओढून बघा, बॅटरीला धक्का द्या. यातलं काहीही डुगडुगलं तर या वर्षी नाही. मान आखडते म्हणून बरेच जण गळ्याला पट्टा लावतात, तो घेऊन द्या. अजून एक, स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवायचे नाहीत, बाहेरच ठेवायचे, कारण पुढच्या चाकाला दणका बसला की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतो. हे त्याला नक्की सांगा, मुलं ऐकत नाहीत पण आईने अंगठ्याबद्दल सांगितलं तर निदान आश्चर्याने तरी लक्षात राहील. मुलगा १८च्या आत असेल तर तुमच्या सहीशिवाय कुठे घेणार नाहीत, आणि सही करायच्या आधी आपला हेल्थ इन्शुरन्स यात काय देतो ते विचारून ठेवा.

ऑफिसमधला एक जण म्हणतो छोट्या गाडीत मजा नाही, फोर्डची जुनी क्राउन व्हिक्टोरिया घे. दुसरा म्हणतो खरी गाडी इम्पीरियल पण तिला बंदी आहे. गाडीला बंदी कशी काय?
– एक वाचक, इंडियाना

दोघंही बरोबर आहेत. क्रायस्लरची इम्पीरियल, त्यातही १९६४ ते ६६ची, बऱ्याच नियमपत्रकांत नाव घेऊन बाहेर ठेवलेली असते. क्रायस्लरने १९६०च्या सुमारास बाकीच्या गाड्या बॉडी आणि चेसिस (खालचा सांगाडा) एकत्र अशा करायला घेतल्या पण इम्पीरियलला १९६६पर्यंत वेगळी जाडजूड चेसिस ठेवली, तिच्यापुढे बाकीच्या चेपायच्या आणि ही हिंडत राहायची, मग खेळ काय राहिला. आता तर त्या गाड्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना हव्या असतात, ठोकायला मिळणंही कठीण आणि माझं विचाराल तर ठोकूही नये.

या खेळाचं श्रेय बहुतेक जण न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या इस्लिप स्पीडवेला देतात, १९५८मधे लॅरी मेंडेलसन नावाच्या रेसरने तिथे तो भरवला, लोकांना शर्यतीपेक्षा टक्कर बघण्यातच जास्त रस आहे हे त्याने हेरलं असं सांगतात. त्याच्याही आधीचे दावे आहेत, त्यात पडत नाही.

क्राउन व्हिक घ्या, चांगली आहे. वेगळी चेसिस, व्ही-८, मागच्या चाकांवर चालणारी, पोलिसांनी आणि टॅक्सीवाल्यांनी वापरून सोडलेल्या भरपूर, २०११पर्यंत बनत होती. फक्त सालाकडे लक्ष द्या, २००३पासून पुढचा सगळा भाग बदलला, इंजिनाखालची आडवी तुळई, म्हणजे क्रॉसमेंबर, अ‍ॅल्युमिनियमची आली, स्टिअरिंगही वेगळ्या, रॅक-पिनियन पद्धतीचं आलं, त्यामुळे त्या गाड्यांना काही फेअरमधे वेगळे नियम असतात. आणि फोर्डच्या डिकीत एक छोटा स्विच असतो जो धडक बसली की पेट्रोल पंप बंद करतो. रस्त्यावर तो जीव वाचवतो पण डर्बीत पहिल्याच धडकेला तुमचा खेळ संपवेल, म्हणून तो बायपास करतात, आणि म्हणूनच हाताने बंद करायचा स्विच नीट हवा. मोठ्या गाडीत डिफ्रन्शियलचे, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या पेटीचे, आतले गिअर वेल्ड करायची परवानगी बरेचदा असते, मग मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात आणि एकच चाक चिखलात नुसतं गरगरत बसत नाही. हे एक काम वेल्डिंग मशीनचं खरं चीज करतं.

आई-बाबा साताऱ्याहून आलेत, सप्टेंबरपर्यंत आहेत. त्यांना डर्बी बघायला न्यावं का?
– एक वाचक, इलिनॉय

न्या. दुपारीच न्या, आधी गाई-बकऱ्यांचे गोठे दाखवा, बाबा शेतीतले असतील तर तिथून हलणारच नाहीत. डर्बीला कानात घालायला बोळे हवेतच, बहुतेक गाड्यांना सायलेन्सर नसतो, काहींचे धुराचे पाइप तर थेट बॉनेटमधून वर काढलेले असतात. पहिल्या रांगांत बसू नका, चिखल उडतो. आईंसाठी खायला काय हा प्रश्न आहे, शाकाहारी असतील तर भुट्टा आणि फनेल केक (तळलेला गोड पदार्थ) यावर भागवावं लागेल, डबा न्यायला हरकत नसेल तर विचारून न्या.

डर्बी झाल्यावर गाडीचं काय करायचं? आणि नेताना रस्त्यावरून चालवत नेली तर?
– एक वाचक, विस्कॉन्सिन

काचा नाहीत, दिवे नाहीत, दारं बांधलेली, आणि तुम्ही रस्त्यावरून नेणार? ट्रेलर लागतोच, जाताना पण आणि येताना पण. येताना गाडी बहुतेक ढकलून किंवा विंचने ओढून चढवावी लागते, तेव्हा ट्रेलरवाल्याला आधीच सांगा की चाकं फिरतीलच असं नाही. ट्रेलर नसेल तर रात्रीच भंगारवाला घेऊन जाईल का हे फेअरला विचारून ठेवा.

भंगारात घालायच्या आधी टाकी, पंप, बॅटरी, स्विच, पाइप आणि टायर चांगले असतील तर टायर, एवढं सोडवून घ्या. पुढच्या वर्षी गाडी फक्त नवी शोधावी लागते, बाकी सामान तेच. बक्षिसाच्या पैशातून खर्च निघेल हा हिशोब मात्र मांडू नका, साध्या क्लासमधे जिंकलात तरी टायर आणि ट्रेलरच्या भाड्यातच तो बराचसा जातो.