बारावीच्या मानवी भूगोलाची उजळणी करताना संकल्पना एकमेकींत मिसळतात, काय करावे?

प्रत्येक संकल्पना व्याख्येपेक्षा तिच्यामागच्या कारणाने लक्षात ठेवावी आणि तिला आपल्याच परिसरातले उदाहरण जोडावे. ठाण्यात हा विषय शिकवताना दिसते की, लोकसंख्या संक्रमणाच्या (जन्मदर आणि मृत्युदर दोन्ही चढे असण्यापासून दोन्ही कमी होण्यापर्यंतच्या बदलाच्या) दुसऱ्या टप्प्यात मृत्युदर आधी घटतो, जन्मदर मात्र चढाच राहतो आणि म्हणून लोकसंख्या झपाट्याने वाढते, हे कारण पक्के झालेला विद्यार्थी आलेख न पाहता काढतो. तो आलेख हाताने काढून पाहावाच. स्थलांतरासाठी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा घ्यावा: तिथला रोजगार माणसांना ओढून घेतो, गावाकडची पाणीटंचाई त्यांना बाहेर ढकलते. नियोजित शहरासाठी सिडको या सरकारी नियोजन संस्थेने वसवलेली नवी मुंबई आहेच. ठाणे जिल्ह्याची २०११ची लोकसंख्येची घनता लिहिताना मात्र जपावे, कारण तो आकडा २०१४मध्ये पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या जिल्ह्याचा आहे.