शेर, छटाक आणि तुझी खतावणी

चि. …, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. हिशेबाची नोकरी सोडून आधी इतिहासात एमए करायचं आणि मगच पुण्याच्या खाण्यावर लिहायचं, असं म्हणतोस. एमए जरूर कर, नोकरी सोडू नकोस. मी या विषयात आलो तो रविवार पेठेत वजनकाटे दुरुस्त करता करता. काटा खोलून ठेवला की दुकानदाराची विक्री तेवढा वेळ बंद. मग तो गल्ल्यावर टेकून बोलायला लागतो. गूळ कुठून यायचा, दिवाळीला कोणत्या वाड्यात किती रवा जायचा, कोणाची उधारी बुडाली. (हे शेवटचं छापायचं नाही, ऐकून मात्र घ्यायचं.)

मला मापं कळत होती, तीच कामाला आली. १९५८च्या ऑक्टोबरपासून किलो टप्प्याटप्प्याने आला. त्याआधीच्या वह्यांत सगळं शेर, छटाक, तोळे. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, पण तो वजनी. मापी शेर बेसनाने भरला तर वजन एक, चणाडाळीने भरला तर दुसरंच. वहीत नुसतं ‘शेरभर’ असेल तर आधी विचार, घरात मापटं होतं की तागडी. न विचारता केलास तर लाडू बसेल, लेखही बसेल.

तुला खतावणी वाचता येते. एखाद्या जुन्या खानावळीची खरेदीवही मिळव. एकादशीच्या आधी बटाटा, शेंगदाणे, साबुदाणा, मिरची किती वाढते ते बघ. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंद, चारही मूळचे अमेरिका खंडातले. उपासाला आपण त्यांना बिनदिक्कत सोवळ्यात घेतलं! घरखर्चाच्या वह्याही सोडू नकोस. १९७२च्या दुष्काळात रेशनचा लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, खाल्ला, हे सांगायला पुष्कळांना कमीपणा वाटतो. वहीत तो दरासकट सापडू शकतो.

नदीकाठच्या पेठांत कागद कमी मिळतील. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, त्या पाण्यात पुष्कळ काही गेलं. तिथे आजीबाईंना गाठ. ‘काय खायचात?’ विचारलंस तर सणाचंच सांगतील. जिन्नस आणायचं कोण, निवडायचं कोण, उरलेलं कुणाच्या पानात पडायचं, हे विचार.

जुने कागद वाचायला मोडी लिपी लागेल, त्यासाठी भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी कर. रविवारी घरी ये आणि तुझ्या आजीची वही घेऊन ये. झेरॉक्स नको, शाई कुठे बदलली ते त्यात कळत नाही.

तुझा,
काका