‘गोरा’, ‘फिरंगी’ की ‘टोपीकर’?

प्रश्न असा : 1790च्या सुमाराचं पुणं, संगमावरच्या रेसिडेन्सीतला, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलातीतला, इंग्रज अधिकारी आणि मराठी स्त्री यांची प्रेमकथा लिहायची आहे. दोघांमधला वंशभेद पात्रांच्या तोंडी कोणत्या शब्दांत यावा?

पहिली अडचण ‘वंश’ याच शब्दाची. निर्वंश, वंशाचा दिवा यांतला वंश म्हणजे घराणं. ‘रेस’ हा अर्थ त्याला पुढे चिकटला. त्यामुळे नायिकेची आई ‘त्याचा वंश वेगळा’ म्हणाली, तर त्यातून घराण्यापलीकडे काही निघत नाही. त्यापेक्षा ‘टोपीकराची जात’ तिच्या तोंडी सहज बसेल.

‘टोपीकर’ हा फार उपयोगी शब्द आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्र’ या मराठी राजनीतीच्या ग्रंथात फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डेन) असे सगळे ‘टोपीकर’ म्हणून एकत्र मोजले आहेत. म्हणजे टोपीकर हे सर्व युरोपियनांचं नाव आणि त्या यादीतला फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. इंग्रज नायकाला पुण्यातला जाणता कारकून ‘फिरंगी’ म्हणाला, तर तो त्याला वसई-गोव्याकडचा ठरवतो. शिवाय ‘टोपीकर’ हा शब्द डोक्यावरच्या टोपीकडे बोट दाखवतो, कातडीकडे नाही.

‘गोरा’ नायकाच्या वर्णनात चालेल, जमातीचं नाव म्हणून टाळा. गोरे, घाऱ्या डोळ्यांचे लोक पेशव्यांच्या पुण्याला नवे नव्हते. चित्पावनांचं वर्णन आपण आजही तसंच करतो. नायिकेच्या घरचा आक्षेप रंगाचा नसून बाटण्याचा असणार : त्याच्या हातचं पाणी, पंगत, मग वाळीत टाकणं, प्रायश्चित्त. संवाद या शब्दांवर उभे करा. रंगावर उभे केले, की आई एकविसाव्या शतकातली वाटू लागते.

कंपनीच्या बाजूला मात्र नेमक्या याच वर्षांत रक्त मोजायला सुरुवात झाली होती. 1791मध्ये कंपनीने हिंदी आईच्या मुलांना आपल्या मुलकी आणि लष्करी नोकऱ्यांतून वगळलं. 1795नंतर आईबाप दोघेही युरोपियन नसतील, तर सैन्यात ढोल-बासरी वाजवणं, घोड्यांना नाल ठोकणं असलीच कामं उरली. नायकाला मुलाची धास्ती वाटावी ती इथे. हे हवेतलं नाही : पुण्याचा पहिला रेसिडेंट (कंपनीचा वकील) चार्ल्स मॅलेट याला अंबर कौर या स्त्रीपासून मुलं होती आणि 1799मध्ये त्याने लग्न केलं ते चित्रकार जेम्स वेल्सच्या मुलीशी. नायक-नायिकेच्या मुलाला ‘अँग्लो-इंडियन’ म्हणू नका. तेव्हा आणि पुढेही बराच काळ तो शब्द हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांसाठी होता. मिश्र संततीसाठी तो सरकारदरबारी आला 1911च्या शिरगणतीत. ‘युरेशियन’सुद्धा एकोणिसाव्या शतकातला. पुणेकराने ‘टोपीकराचा मुलगा’ म्हणावं.

कथेत जंजिऱ्याकडचा माणूस आला, तर ‘हबशी’, ‘सिद्दी’ किंवा कागदोपत्री ‘शामल’ लिहा. सरसकट ‘आफ्रिकन’ त्या काळाचा नाही.

राहिलं निवेदन. तिथे आजचे शब्द चालतील, पण ‘सावळी असूनही देखणी’ हे वाक्य तपासा. पात्राचा पूर्वग्रह पात्राच्या तोंडी राहू द्या. हे ‘असूनही’ लेखकाचं आहे. ते काढून नुसतं ‘सावळी, देखणी’ लिहा. आणि तिचा रंग सांगितलात, तर त्याचाही सांगा : उन्हाने लाल झालेली मान, नाकावरची सोललेली कातडी. तिला ते तसंच दिसलं असतं.